व्हीनस प्रेशरची वही

डायलिसिसच्या मशीनवर पेशंटच्या रक्ताचे दोन दाब सतत दिसत असतात. एक आर्टेरियल, म्हणजे हातातून रक्त ओढताना पंपाच्या अलीकडे तयार होणारा. तो उणे असतो. दुसरा व्हीनस, म्हणजे साफ झालेलं रक्त हातात परत ढकलताना, रक्त गाळणाऱ्या डायलायझरच्या पलीकडे तयार होणारा. तो अधिक असतो. हे दोन्ही आकडे मुळात सुरक्षेसाठी आहेत. मर्यादा ओलांडली की अलार्म वाजतो, पंप थांबतो आणि आम्ही धावतो. नळीला पडलेला पीळ काढतो, सुई जराशी फिरवतो, अलार्म बंद करतो आणि पुढच्या बेडकडे वळतो. बहुतेक युनिटमध्ये या आकड्यांशी आमचा संबंध एवढाच.

मला लिहायचं आहे ते अलार्म न वाजवता वाढत जाणाऱ्या आकड्याबद्दल. पंपाचा वेग तोच, सुई त्याच नंबरची, माणूस तोच. आणि व्हीनस प्रेशर आज ११०, पंधरा दिवसांनी १२०, महिन्याने १४०. मशीनच्या हिशेबी सगळं ठीक असतं. पण त्या हातात, सुईच्या वर, खांद्याकडे जाणाऱ्या शिरेत कुठेतरी जागा कमी होत चाललेली असते. ती पुरती बंद होण्याआधी आपल्याला सावध करणारी, लहान युनिटलाही परवडणारी गोष्ट म्हणजे हा आकडा. त्याला वेगळं यंत्र लागत नाही, वेगळा पैसा लागत नाही. तरी तो रोज डोळ्यांसमोरून निघून जातो, याची मला फार खंत वाटते.

मी नर्स आहे. पश्चिम महाराष्ट्रात, उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, डायलिसिस युनिटमध्ये माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. सकाळची शिफ्ट सुरू होते तेव्हा बाहेर अंधार असतो. पहिल्या एसटीने येणारे, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून येणारे, डबा आणि चादर पिशवीत घेतलेले आमचे पेशंट आधी वजनकाट्यावर उभे राहतात, मग आपापल्या बेडवर जाऊन डायलिसिसचा हात पुढे करतात. आठवड्यातून दोनदा, ज्यांना जमतं ते तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. हे वर्षानुवर्षं. एवढ्या सहवासात माणसाचं घर, पीक, कर्ज, मुलीचं लग्न सगळं कळतं. मला त्यांचे हातही चेहऱ्यांइतकेच ओळखीचे झाले आहेत.

ज्यांना हा हात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डायलिसिसला मिनिटाला दोनशे-अडीचशे मिलिलिटर तरी रक्त बाहेर काढून परत द्यावं लागतं. साध्या शिरेतून एवढं रक्त निघत नाही आणि धमनीत रोज सुया टोचता येत नाहीत. १९६० साली सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी आणि शीर यांत टेफ्लॉनची नळी बसवून पुनःपुन्हा डायलिसिस करण्याची वाट उघडली. पण ती नळी कातडीबाहेर राहायची. तिच्यात गुठळ्या व्हायच्या, जंतुसंसर्ग व्हायचा. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स सिमिनो, मायकेल ब्रेशिया आणि त्यांचे सर्जन सहकारी केनेथ ॲपेल यांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर कातडीखालीच एकमेकींना जोडली. त्यांचा लेख १९६६ साली प्रसिद्ध झाला. तोच आजचा फिस्टुला. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला जेमतेम वीस-तीस मिलिलिटर रक्त वाहतं. ही जोडणी केल्यावर ते लगेच काही पटींनी वाढतं आणि पुढच्या आठवड्यांत शीर रुंद होत गेली की सहाशे, हजार, कधी त्याहून जास्त होतं. शीर जाड होते, वर येते, तिच्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. पेशंट म्हणतात, ‘सिस्टर, आज घूं घूं चांगली वाजतीय.’

हा हात बंद पडला की काय होतं, ते मी वारंवार पाहिलं आहे. पेशंट सकाळी उठतो, सवयीने हात कानाशी नेतो आणि आवाज नसतो. डायलिसिस तर थांबवता येत नाही. मग गळ्यात कॅथेटर घालायचं. त्यातून ताप, थंडी, रक्तात जंतू. नवा फिस्टुला करायचा तर शहरात जायचं, सर्जन गाठायचा आणि फिस्टुला पिकेपर्यंत दीड-दोन महिने थांबायचं, तेही चांगली शीर शिल्लक असली तर. मनगट गेलं की कोपर, डावा गेला की उजवा. माणसाच्या हातात अशा जागा मोजक्याच असतात. २०१६ साली पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतं, त्यामुळे पूर्वी पैशांअभावी मध्येच सोडून जाणारे लोक आता टिकतात. माणसं जास्त वर्षं जगू लागली, तसा त्यांचा हात जास्त वर्षं टिकवणं हे आमचं काम झालं आहे.

व्हीनस प्रेशरकडे बघायला मला आमच्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरांनी शिकवलं. त्यांच्याकडे शाळेची साधी दोनशे पानी वही होती. प्रत्येक पेशंटला एक पान. तारीख, सुईचा नंबर, बीपी, पंप मिनिटाला दोनशे मिलिलिटरवर असतानाचं आर्टेरियल, दोनशेवर असतानाचं व्हीनस, आणि शेवटच्या रकान्यात हाताने काय लागलं ते. मी नवी होते. मी म्हटलं, ‘सिस्टर, चार्टवर तासातासाला प्रेशर लिहितोच की आपण.’ त्या म्हणाल्या, ‘चार्ट आजचा असतो गं. मला मागच्या महिन्याशी बोलायचंय.’ चार्ट फाइलला जातो, फाइल कपाटात जाते. वहीत मात्र एकाखाली एक आकडे येतात आणि चढ नजरेला दिसतो.

पंप दोनशेच का, हेही त्यांनीच समजावलं. व्हीनस चेंबरमध्ये मोजला जाणारा दाब म्हणजे एकट्या शिरेचा दाब नव्हे. त्यात नळीचा विरोध आहे, सुईचा आहे आणि मग शिरेतला दाब आहे. वेग जास्त ठेवला की सुईचाच वाटा एवढा मोठा होतो की शिरेचं म्हणणं त्यात बुडून जातं. वेग कमी ठेवला की शिरेचं म्हणणं त्यातल्या त्यात कळतं. सुईचंही तसंच. पंधरा नंबरची सुई जाड, सोळाची त्याहून बारीक, सतराची आणखी बारीक. सोमवारी पंधराची आणि गुरुवारी सतराची सुई घातली तर आकडा चढणारच. त्यात हाताचा काही दोष नाही. म्हणून सुई कोणती ते लिहायचं. आणि मोजायचं ते सुरुवातीच्या पाच मिनिटांत, कारण चार तासांत तीन-साडेतीन लिटर पाणी काढल्यावर रक्त घट्ट होतं, चेंबरमध्ये बारीक गुठळ्या धरू लागतात आणि दाब त्यामुळेही वाढतो. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन आठवरून अकरावर गेलं तरी आकडा थोडा वर सरकतो. हे सगळं बाजूला काढून मग जो चढ उरतो तो शिरेचा.

तो चढ असा का असतो, याचं कारण भौतिकशास्त्रातलं आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर त्याच लांबीत प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. त्यामुळे शीर थोडी थोडी अरुंद होत असताना बरेच दिवस काही कळत नाही. निम्म्याच्या आसपास आली की दाब भराभर चढतो आणि त्यानंतर फार वेळ हातात राहत नाही. एका द्राक्षबागायतदार काकांना मी हे समजावत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘म्हणजे सिस्टर, शेतातल्या पाइपात झाडाची मुळं शिरली की मोटरीकडचा जोड फुटतो, तसं. दोष पुढं आणि दाब मागं.’ माझं वाक्य त्यांनीच पुरं केलं. त्यानंतर ते स्वतःहून विचारायचे, ‘मागं किती आहे आज?’

या वहीचं मोल मला पुरतं कळलं ते आमच्या एका बाईंमुळे. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळं युनिट त्यांना बाईच म्हणायचं. त्यांचा फिस्टुला कोपराजवळचा, दंडावर वर गेलेला. शीर छान, रुंद, सुई घालायला सोपी. कोणीही नवीन मुलगी असली की आम्ही तिला बाईंच्या हातावर शिकायला द्यायचो आणि बाई शाळेतल्यासारख्याच तिला धीर द्यायच्या. त्यांचं दोनशेवरचं व्हीनस एकशे पाच-एकशे दहाच्या आसपास असायचं. एका पावसाळ्यात ते एकशे वीस झालं. नंतर एकशे तीस. मग एकशे अडतीस. अलार्म नाही, तक्रार नाही, डायलिसिस उत्तम. पण बंद करताना सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागू लागला. एरवी पाच-सात मिनिटं दाबून धरलं की पुरायचं, तिथे वीस मिनिटं झाली तरी कापूस भिजायचा. बाईंना वाटलं, रक्त गोठू न देणारं हिपॅरिन जास्त झालं. हिपॅरिन कमी केलं, तरी तेच.

त्या दिवशी मी त्यांना हात डोक्याच्या वर उचलायला सांगितलं. चांगल्या फिस्टुल्याचा हात वर केला की फुगलेली शीर खाली बसते, कारण रक्ताला खांद्याकडे जायला वाट मोकळी असते. बाईंची शीर बसली नाही. फुगलेली ती फुगलेलीच राहिली, आणि बोट ठेवल्यावर मऊ थरथरीऐवजी टणक ठोके लागले. वर खांद्याजवळ मात्र थरथर एका जागी एकदम तीव्र होती. अडथळा असतो तिथे असं होतं. वहीतलं पान, हात उचलण्याची परीक्षा आणि रक्त थांबायला लागणारा वेळ, तिन्ही एकच गोष्ट सांगत होते.

आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट सरांना मी ते पान दाखवलं. ते आठवड्यातून एकदा शहरातून येतात. त्यांनी पान पाहिलं, हात पाहिला आणि तिथल्या तिथे डॉप्लरची चिठ्ठी लिहिली. दंडावरची शीर खांद्याजवळ वळून खोल जाते त्या वळणावर ती आवळली होती. कोपराजवळच्या फिस्टुल्यात ही जागा आवळण्यासाठी प्रसिद्धच आहे. शहरात जाऊन बाईंनी फुग्याने ती रुंद करून घेतली. परत आल्या त्या दिवशी मी पंप दोनशेवर ठेवला आणि वही उघडली. एकशे आठ. बाईंनी मला तो आकडा त्यांच्या स्वतःच्या डायरीतही लिहायला लावला. पुढे त्या दर वेळी लिहायच्या, आणि आकडा सांगायला आम्ही विसरलो तर शिक्षिकेच्या आवाजात आठवण करून द्यायच्या. ती शीर पुढे एकदा पुन्हा आवळली, पुन्हा फुगा करावा लागला. असं होतं, ती एकदा रुंद केली की कायमची सुटली असं नसतं. पण बाईंच्या गळ्यात कधी कॅथेटर गेलं नाही.

आता या आकड्याच्या मर्यादेबद्दल, कारण ती सांगितल्याशिवाय त्याची बाजू घेणं मला पटत नाही. व्हीनस प्रेशर फक्त सुईच्या पुढचं सांगतं. मागे, म्हणजे धमनी आणि शीर जोडली आहे तिथे, जागा आवळली असेल तर ते गप्प राहतं. उलट हातात रक्तच कमी येत असल्याने ते कमीही दिसेल. मनगटाच्या फिस्टुल्यात आवळण्याची नेहमीची जागा नेमकी तीच, जोडाच्या लगेच पुढची. शिवाय मनगटाच्या शिरेला वाटेत फाटे असतात; पुढे अडलं तरी रक्त फाट्यांतून निघून जातं आणि दाब वाढत नाही. तिथे बघायचं ते आर्टेरियल. उणे शंभर-दीडशेवर असणारं आर्टेरियल त्याच वेगाला उणे दोनशेच्या खाली जाऊ लागलं, नळी आत ओढली जाऊ लागली, चेंबर फसफसू लागला, की समजावं पंप मागतोय तेवढं रक्त हात देत नाही.

असाच एक तरुण आमच्याकडे होता, साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. मला ताई म्हणायचा. डाव्या मनगटाचा फिस्टुला. त्याचं व्हीनस कायम सुंदर. नव्वद, पंच्याण्णव. केवळ तेवढंच बघणाऱ्याला वाटावं, याच्यासारखा हात नाही. पण आर्टेरियल आठवड्या-आठवड्याला खोल चाललं होतं आणि थरथर पातळ झाली होती. वर शीर दाबून धरली की खाली ठोका जोरात यायला हवा, तो येत नव्हता. मी लिहिलं, सरांनी चिठ्ठी दिली. पण गाळपाचा हंगाम सुरू होता, गाडी सोडून शहरात जाणं म्हणजे मुकादमाची उचल अंगावर राहणं. पहिल्यांदा गेला तर ज्या ठिकाणी पाठवलं होतं तिथे कागद अपुरे म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. त्या तीन आठवड्यांत एका शिफ्टला त्याचं बीपी खूप पडलं. पाय वर केले, सलाईन दिलं, तो सावरला, हसून घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला, ‘ताई, हात वाजत नाही.’ बीपी पडलं की आधीच अरुंद झालेल्या शिरेत रक्त साचतं आणि गोठतं. कारण अगदी स्पष्ट होतं. तो हात परत सुरू झाला नाही. गळ्यात नळी घेऊन त्याने पुढचा हंगाम घालवला. आम्हाला कळलं होतं, वेळेत कळलं होतं, आणि तरी हात गेला. त्याचं दुःख अजून कमी झालेलं नाही. आकडा दिसला तरी पुढची सोय दाराशी असल्याशिवाय तो अपुराच पडतो. चिठ्ठी आणि फुगा यांच्यातलं अंतर कमी करणं हे सरकारचं आणि रुग्णालयांचं काम आहे आणि त्याला हंगाम नसतो.

दाबाचा याहून नेमका प्रकारही आहे. पंप थांबवून मोजायचा दाब. प्रवाहच नसला की नळीचा, सुईचा विरोध उरत नाही आणि शिरेतला खरा दाब मिळतो. पंप बंद करायचा, डायलायझर आणि व्हीनस चेंबर यांच्यामध्ये क्लॅम्प लावायचा, तीस सेकंद थांबायचं, आकडा घ्यायचा. चेंबर हाताच्या वर असतो, म्हणून त्या उंचीच्या दर सेंटीमीटरला ०.७६ मिलिमीटर पारा मिळवायचा. मग त्या बेरजेला पेशंटच्या सरासरी बीपीने भागायचं. समजा आकडा आला ३०, चेंबर हातापेक्षा ३० सेंटीमीटर वर, म्हणजे सुमारे २३ मिळवायचे, झाले ५३. बीपी १४० आणि ८०, म्हणजे सरासरी १००. गुणोत्तर ०.५३. कृत्रिम नळीच्या ग्राफ्टमध्ये हे ०.५ च्या वर वारंवार येऊ लागलं तर पुढे अडथळा असल्याचा संशय घ्यायचा. फिस्टुल्यात मुळातच हे कमी असतं. १९९५ साली अनातोले बेसाराब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. त्याआधी १९८९ साली श्वाब आणि सहकाऱ्यांनी कमी वेगावरचं व्हीनस प्रेशर वारंवार १५० च्या वर येणाऱ्यांची तपासणी करून गोठण्याआधीच आवळलेल्या शिरा शोधल्या होत्या. आम्ही ग्राफ्ट असलेल्यांचं असं माप महिन्यातून एकदा घेतो. टेप आणि कॅल्क्युलेटर लागतो, पेशंट उत्सुकतेने बघत राहतो, नातेवाईक बीपीचा आकडा वाचून दाखवतात. घाईच्या शिफ्टला जमत नाही, दुपारी जमतं. प्रवाहच थेट मोजणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र मिळतं. ते मोठ्या केंद्रांत आहे, आमच्याकडे नाही.

आणि अलीकडचं मत थोडं वेगळं आहे, हेही मला माहीत आहे. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की यंत्राने सरसकट पाळत ठेवून फिस्टुले जास्त टिकतात याला पुरेसा पुरावा नाही. आधी नियमितपणे हात बघा, चाचपा, ऐका, आणि दाबाची मापं त्याच्या जोडीला ठेवा. मला हे पटतं. आकडा चढला म्हणून लगेच फुगा करायला धाडणं चूक आहे. फुग्यानेही शिरेला इजा होते आणि तिथेच ती पुन्हा आवळते. पण या सूचना मोठ्या, सुसज्ज केंद्रांतल्या चाचण्यांवरून आल्या आहेत. आमच्याकडे हात रोज कोण बघतं? तीन शिफ्ट, दर सहा-आठ महिन्यांनी नोकरी सोडून शहरात जाणारी टेक्निशियन मुलं, आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. हात बघणाऱ्याची बोटं बदलतात, आणि आजच्या मुलाला मागच्या महिन्यातली थरथर माहीत नसते. वहीतला आकडा मात्र माणूस बदलला तरी तिथेच असतो, आणि तो चढला की नव्या मुलालाही हात नीट चाचपावा लागतो. वहीचा उपयोग एवढा, आणि माझ्या मते तो पुरेसा मोठा आहे.

अर्थात आकडा खरा हवा. चार्टवर चार तासांचे चार रकाने एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेले मी पाहिले आहेत. १२०, १२०, १२०, १२०. मशीनवरचा दाब कधीही असा सरळ राहत नाही. अशा चार्टपेक्षा कोरा चार्ट बरा. निदान तो कोणाला खोटा दिलासा देत नाही. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच सांगते की आकडा लिहायच्या आधी मशीनवर बोट ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचा. पेशंटही ऐकतो आणि चुकलं तर तोच टोकतो.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती जिवाशी आहे. व्हीनसची सुई हातातून निसटली तर व्हीनस प्रेशर एकदम पडेल आणि अलार्म वाजेल, असं पुष्कळांना वाटतं. दर वेळी तसं होत नाही. सुईचा स्वतःचा विरोध असतो, ती चादरीत पडलेली असली तरी तेवढा दाब राहतो आणि तो खालच्या मर्यादेच्या आत बसू शकतो. पंप अडीचशेवर असेल तर चार मिनिटांत एक लिटर रक्त जमिनीवर. म्हणून हात पांघरुणात घालायचा नाही, कितीही थंडी असो. आमच्या पेशंटना हे आवडत नाही. एसीत कुडकुडतात, चादर ओढतात, मी परत काढते. अंगावर हवी तर दुसरी शाल टाका, पण सुया उघड्या दिसल्या पाहिजेत.

इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. आता आमच्याकडे संगणक आहे, त्यात हे आकडे भरता येतात, आलेखही निघतो. तरी मी वही चालू ठेवली आहे, कारण ती बेडजवळ नेता येते आणि पेशंटसमोर उघडता येते. आकडा चढतोय हे माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की शहरात जायला तो पटकन तयार होतो. मी कितीही समजावून सांगितलं तरी तेवढं होत नाही.

डायलिसिस युनिटमध्ये काम करणाऱ्या माझ्या भावंडांना माझं एवढंच सांगणं आहे की सुरुवातीच्या पाच मिनिटांत पंप दोनशेवर ठेवा, दोन्ही दाब लिहा, सुईचा नंबर लिहा आणि मागच्या चार नोंदी वाचा. ओळीने तीन वेळा चढ दिसला तर हात उचलून बघा आणि डॉक्टरांना सांगा. आणि घरच्यांनो, तुमच्या माणसासाठी एक वही करा. दर वेळी विचारा: पंप किती, आर्टेरियल किती, व्हीनस किती. सांगायला कोणी कंटाळलं तरी विचारा, तो तुमचा हक्क आहे. त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, रक्त काढू देऊ नका, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू देऊ नका. रोज सकाळी आणि झोपताना बोट ठेवून थरथर बघा. ती थांबली असेल तर पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट बघू नका. रात्र असली तरी त्याच वेळी फोन करा.